रेडी ऑर नॉट: निऑन टूमच्या एस रँकचं पूर्ण प्रकरण

गेम कोणता ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. रेडी ऑर नॉट, व्हॉइड इंटरॅक्टिव्हचा. डिसेंबर २०२१ मध्ये स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (गेम पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला) आला, डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण व्हर्जन, आणि जुलै २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर पण. लॉस सुएन्योस नावाचं काल्पनिक अमेरिकन शहर, तुम्ही तिथल्या स्वॉट टीममध्ये, म्हणजे पोलिसांच्या खास सशस्त्र तुकडीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा गोळीबाराचा गेम आहे, पण ज्यांनी एस रँकच्या मागे लागून तो खेळलाय त्यांना माहीत आहे की गोळी जितकी कमी चालेल तितकं बरं.

एस रँक म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड. त्याच्यासाठी एकूण एक सस्पेक्ट, म्हणजे संशयित, जिवंत पकडायचा, एकही सिव्हिलियन, म्हणजे साधा माणूस, मरता कामा नये, आपला एकही ऑफिसर खाली पडता कामा नये, सिव्हिलियनला सुद्धा झिप टाय (हात बांधायची प्लॅस्टिकची पट्टी) लावायची, प्रत्येक माणूस टॉकला, म्हणजे कंट्रोल रूमला, रिपोर्ट करायचा, आणि खाली पडलेली प्रत्येक बंदूक आणि पुरावा गोळा करायचा. यातलं एक जरी राहिलं तरी एस गेला. गेममध्ये कठीण म्हणावं असं दुसरं काम म्हणजे एकट्याने खेळायचा कमांडर मोड आयर्नमॅनमध्ये पूर्ण करणं, तिथे तुम्ही मेलात की अख्खी मोहीम संपली. त्याच्याबद्दल आज लिहीत नाही. आज फक्त एक मॅप, आमच्या यादीत सगळ्यात शेवटी राहिलेला, निऑन टूम.

हा नाइटक्लबचा मॅप आहे. द हँड नावाचे अतिरेकी निऑन नावाच्या क्लबात घुसलेत, आपण पोचेपर्यंत बरेच लोक गेलेले असतात, आणि जे उरलेत त्यांच्यात हे लोक बंदुका घेऊन फिरतायत. काहींच्या अंगावर बॉम्बचा पट्टा. म्युझिक चालूच, लाइट फिरतायत, पायांचे आवाज ऐकू येत नाहीत. (याच क्लबच्या मॅपवरून जून २०२२ मध्ये ट्रेडमार्कची तक्रार आली होती आणि गेम काही काळ स्टीमवरून उतरवला गेला होता, जुने खेळाडू आहेत त्यांना आठवत असेल.)

आता टीम. आम्ही चौघं, चौघं गोव्याच्या चार गावांत. मी डिचोलीत. माझा मावसभाऊ फोंड्यात, कॉलेजात आहे, हात सगळ्यात फास्ट त्याचा. तिसरा म्हापशाचा, साउंडची कामं करतो, सीझनमध्ये कळंगुट-बागा साइडला रोज रात्री कुठल्या ना कुठल्या क्लबात असतो, पण पावसात कामं कमी त्यामुळे जून ते चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, तो आमचा. चौथे वास्कोचे भाई, आमच्यापेक्षा बरेच मोठे, हार्बरला शिफ्ट करतात. भाईंनी २००५ चा स्वॉट ४ त्या काळी सायबर कॅफेत बसून खेळलेला आहे, ज्यात एलीट डिफिकल्टीला मिशन पास व्हायला १०० पैकी ९५ पॉइंट लागायचे. त्यामुळे जिवंत पकडणे, रिपोर्ट करणे, बंदूक उचलणे या सवयी त्यांना आमच्या आधीपासून आहेत. गेममधली नावंच इथे वापरतो, भाऊ आणि मी रेड, भाई आणि म्हापशाचा ब्लू.

एक अडचण अशी होती जी गेममध्ये नव्हतीच. या गेममध्ये लॉबी, म्हणजे सगळे एकत्र खेळतात ती जागा, एक जण आपल्या पीसीवरून होस्ट करतो आणि त्याचं कनेक्शन गेलं की सगळ्यांचं मिशन गेलं. आणि पावसात डिचोलीला लाइटचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, एक वीज चमकली की फटकन अंधार, आणि इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन ट्यूब चालतात, गेमिंगचा पीसी नाही. म्हणून होस्टिंग वास्कोला दिलं, भाईंकडे चांगला मोठा इन्व्हर्टर आहे आणि राउटर पण त्याच्यावरच लावलेला आहे. माझी लाइट गेली तर मी एकटा बाहेर, बाकीचे आत राहतात, मिशन जिवंत राहतं. बारीक गोष्ट वाटेल पण कठीण अचीव्हमेंटच्या मागे लागलेल्या कुठल्याही ग्रुपला मी हेच आधी विचारीन, होस्ट कोण आणि त्याच्याकडे बॅकअप काय. नेम नंतर बघू.

मूळ प्रश्न असा. बाकीच्या मॅपवर एस मिळवायची पद्धत म्हणजे हळू जाणं. दाराखालून मिरर (छोटा आरसा) घालून बघायचं, दाराला सापळ्याची तार लावलीय का तपासायचं, मागची दारं वेजने (दाराखाली ठोकायच्या पाचरीने) बंद करायची म्हणजे पाठीमागून कोणी येत नाही, मग फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) टाकून एक एक खोली. घाई करणारा मरतो. निऑन टूमला हीच पद्धत उलटी पडते, कारण तुम्ही दाराशी आरसा घालून बसलात की आत कोणीतरी सिव्हिलियन मारला जातो, आणि एक गेला की एस संपला. म्हणजे मॅप म्हणतो धावा, आणि एस रँक म्हणतो कोणाला मारू नका. दोन्ही एकत्र कसं करायचं, हेच सगळं प्रकरण आहे.

आणि हा प्रश्न गेमवाल्यांनी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला तोपर्यंत पहिल्या पोचलेल्या पोलिसांनी बाहेर घेरा घालायचा आणि स्वॉटची वाट बघायची अशीच पद्धत होती. त्याच्यानंतर ती बदलली, आत कोणी लोकांना मारत असेल तर जो पहिला पोचेल त्याने थेट आवाजाच्या दिशेने जायचं. आपल्याकडे २६/११ नंतर एनएसजी कमांडोंचे हब मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबादला २००९ मध्ये झाले ते याच वेळेच्या हिशोबाने, कारण दिल्लीहून माणसं यायला लागलेला वेळ सगळ्या देशाने टीव्हीवर बघितला होता.

पहिल्यांदा आम्ही आमच्या नेहमीच्या पद्धतीने गेलो, चौघं एका रांगेत, हळू. आमच्यापैकी कोणी पडत नव्हतं, पकडलेले सगळे जिवंत, पुरावा पण बरोबर, आणि तरी दर वेळी लांब कुठेतरी गोळ्यांचा आवाज आणि मग सिव्हिलियन गेल्याचं कळायचं. मग भाऊ म्हणाला दादा आपण खऱ्या गोळ्यांच्या रायफली घेऊया, पटापट क्लिअर करू. केलं. मिशन पूर्ण होतं, लोक वाचतात, पण अतिरेकी मरतात आणि ग्रेड खाली. म्हणजे दोन टोकं हातात आली आणि दोन्हीकडे एस नाही.

इथे म्हापशाच्या मित्राने जे सांगितलं त्याने खरा फरक पडला, आणि ते त्याने गेममधून नाही, कामातून सांगितलं. तो म्हणाला तुम्ही मॅप दार आणि खोली असा बघताय, क्लब तसा नसतो. क्लबात गडबड झाली की गिऱ्हाईक ज्या दाराने आत आलं त्याच दाराकडे पळतं, दुसरं दार बाजूला असलं तरी त्याला ते दिसत नाही. ज्यांना तिथे पोचता येत नाही ते टॉयलेटमध्ये जातात, बारच्या मागे खाली बसतात. आणि स्टाफ मागच्या बोळात, कारण तो बोळ फक्त त्यांनाच माहीत असतो. पुढे म्हणाला, फ्लोअरवर उभं राहून तुला काहीच ऐकू येणार नाही, मोठ्या स्पीकरसमोर तर बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण बोळात शिरलास की आवाज एकदम बसतो, तिथे थांबून ऐक. गेम तर दर वेळी माणसं वेगळ्या ठिकाणी टाकतो, पाठांतराचा उपयोग नाही, तरी ही समज उपयोगी पडली. आम्ही ऐकायच्या जागा ठरवल्या. म्हणजे फ्लोअरवर थांबायचंच नाही, तिथून पलीकडे जायचं आणि जिथे भिंत मध्ये येते तिथे दोन श्वास थांबून गोळीचा आवाज कुठून येतोय ते पकडायचं.

मग कामाची वाटणी. रेडने धावायचं, ब्लूने मागून बांधायचं. रेडकडे बीनबॅग शॉटगन (गोळीऐवजी छर्‍यांची छोटी पिशवी मारते, माणूस मरत नाही), पेपरबॉल (मिरपुडीचे गोळे मारणारी बंदूक) आणि जेवढे बसतील तेवढे फ्लॅश. ब्लूकडे झिप टाय, रिपोर्ट, पुरावा, आणि मागची दारं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की आम्हाला वाटलं झालंच काम. नाही झालं. कारण बीनबॅग लागलेला माणूस वाकतो, हात वर करतो किंवा नुसता कण्हत राहतो, पण तो काही कायमचा पडलेला नसतो, थोड्या वेळात सावरतो, आणि बंदूक त्याच्या पायाशीच असते. रेड पुढे दोन खोल्या गेलेले, ब्लू अजून मागच्या खोलीत एका सिव्हिलियनला बांधतायत, आणि मध्ये हा उठतो. किंवा हात वर केलेला असतो आणि कमरेतून दुसरं काहीतरी काढतो, हा गेम तसले सस्पेक्ट पण देतो. मागून गोळी खाल्ली की सगळं परत पहिल्यापासून.

त्याच्यावर उपाय सापडला तो म्हणजे अंतराचा. रेड आणि ब्लूमध्ये एकच खोली. ब्लूने दारात पाय ठेवला की रेड पुढच्या दारात, त्याच्या आधी नाही. सिव्हिलियन बांधायचं काम तेवढ्यापुरतं सोडून द्यायचं, त्याला नुसतं ओरडून खाली बसवायचं, तो कुठे जात नाही, त्याची झिप टाय शेवटी. झिप टाय पहिल्यांदा फक्त सस्पेक्टला. ऐकायला काय विशेष नाही, पण भाईंना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांची जुनी सवय अशी की माणूस दिसला की बांध, रिपोर्ट कर, मगच पुढे. स्वॉट ४ मध्ये ते बरोबर होतं. इथे त्या वेळेत पलीकडे कोणीतरी मरतं.

बीनबॅगबद्दल एक बारीक गोष्ट. पंप शॉटगन, एक एक शेल आत घालावं लागतं, आणि रिकामी झाली की तुम्ही उघडे. म्हणून आम्ही दोन मारले की दोन भरायचे अशी सवय लावली, रिकामी होईपर्यंत वाट बघायचीच नाही. आणि नेम पोटावर, छातीवर. डोक्याकडे कधीच नाही. ज्याने गॅस मास्क घातलाय त्याच्यावर पेपर आणि गॅस वाया, त्याला फ्लॅश आणि बीनबॅगच. भाऊ शॉटगन, मी पेपरबॉल, मी लांबून त्रास देतो तोपर्यंत तो जवळ जातो.

आता पट्टेवाला. याच्यावर आमचं खरं भांडण झालं आणि मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. अंगावर बॉम्ब असलेला माणूस लोकांकडे धावतोय, तुमच्याकडे फक्त बीनबॅग, काय करायचं? भाऊ म्हणाला काही नाही, बीनबॅगच मारायची, बसली तर एस, नाही बसली तर रिस्टार्ट, रिस्टार्टला पैसे पडत नाहीत. भाई म्हणाले नाही, तो माणसांत पोचतोय असं दिसलं तर ज्याच्याकडे पिस्तूल आहे त्याने खरी गोळी मारायची, एस गेला तर गेला. मी भाईंच्या बाजूने होतो आणि अजून आहे. कारण गेम जरी असला तरी टीमला त्या क्षणी एकच उत्तर माहीत असायला हवं, नाहीतर चौघं अर्धा सेकंद विचार करतात आणि त्या अर्ध्या सेकंदात सगळेच जातात. आणि दुसरं कारण, लोक वाचवणं हे काम आहे, रँक त्या कामाचा मार्क आहे, मार्कासाठी काम सोडलं तर मार्क कशाचा? शेवटी नियम असा ठरला, पट्टा दिसला की दिसणाऱ्याने एकच शब्द ओरडायचा, "पट्टा", बाकी सगळ्यांनी मागे सरायचं आणि जो सगळ्यात जवळ आहे त्याने एकट्याने निर्णय घ्यायचा, लांब असेल तर फ्लॅश आणि बीनबॅग, लोकांत शिरत असेल तर गोळी. त्याच्यानंतर त्याला कोणी काही बोलायचं नाही.

कोणी विचारेल की मग जिवंत पकडण्याचा एवढा अट्टहास कशाला. मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. त्या एका जिवंत माणसामुळे तो कट कुठे शिजला, कसा शिजला, ते कोर्टात उभं राहू शकलं. ओंबळे यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्यांनी केलं त्याची आणि खुर्चीत बसून माउस हलवण्याची बरोबरी कोणी करू नये, मी तर करणारच नाही. पण एस रँकमध्ये अटक हवी, मुडदा नको, हा नियम कुठून येतो तो विचार करायला लागलो की मला तेच आठवतं, आणि त्यामुळे त्या नियमाचा राग येत नाही.

अजून एक गोष्ट ठरवली, बोलण्याची. चौघं एकदम बोलले की कोणाचंच ऐकू येत नाही, वर गेमचं म्युझिक. भजनात एक जण उचलतो आणि बाकीचे मागून धरतात, तसं केलं. पुढे काय दिसतंय ते फक्त भाऊ बोलणार, मागे काय बाकी आहे ते फक्त भाई. मी आणि म्हापशाचा गप्प, फक्त "पट्टा" किंवा "पडलो" एवढंच. जागांची नावं पण आधीच ठरवलेली, बार, फ्लोअर, संडास, बोळ. छोटे शब्द. "डावीकडच्या त्या दुसऱ्या दाराच्या पलीकडे" असं बोलेपर्यंत माणूस मरतो.

ज्या रात्री मिळाला ती रात्र. बाहेर पाऊस धो धो, चवथ तोंडावर आलेली, घरी माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायच्या चौकटीचं) सामान आणायची चर्चा चालू, आणि चवथीत गेम बंद हे सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे त्या आधी व्हावं असं मनात होतंच.

आत शिरल्या शिरल्या फ्लोअर पार केला, थांबलो नाही. वाटेत एकाला माझ्या पेपरबॉलने वाकवला, भाऊने पोटावर एक मारली, तो गुडघ्यावर, पुढे. मागून भाईंचा आवाज, "पहिला बांधला." भिंतीशी दोन श्वास थांबलो. गोळीचा आवाज बारच्या बाजूने. भाऊने "बार" म्हटलं आणि फ्लॅश टाकला, दोघं होते, एकाने लगेच बंदूक टाकली, दुसऱ्याने मास्क घातलेला, माझे पेपरबॉल त्याच्यावर नुसते फुटत होते. भाऊने दोन मारल्या आणि ठरल्याप्रमाणे दोन भरल्या, आणि बरं झालं भरल्या, कारण तेवढ्यात बोळाच्या तोंडातून तिसरा आला आणि त्याच्या अंगावर पट्टा.

"पट्टा" भाऊच ओरडला. मी मागे सरलो, ब्लू दारातच थांबले. भाऊ आणि तो, मध्ये बारचा कोपरा, बाजूला खाली बसलेल्या दोन बायका. मी भाऊच्या स्क्रीनवर काय होतं ते नंतर रेकॉर्डिंगमध्ये बघितलं. फ्लॅश पट्टेवाल्याच्या पायाशी न टाकता भाऊने तो त्याच्या मागच्या भिंतीवर मारला म्हणजे फ्लॅश परत येऊन मध्ये फुटेल आणि बायकांपासून लांब राहील. तो माणूस डोळ्यांवर हात घेऊन वाकला, तेवढ्यात बीनबॅग पोटात, दुसरी परत पोटात, आणि ओरडणं. तो गुडघ्यावर बसला. भाऊने त्याला स्वतः बांधला, ब्लूची वाट बघितली नाही, कारण पट्टेवाल्याला बांधायचं काम जवळच्याचंच, ते पण आधीच ठरलेलं. पिस्तुलाला हात लावायची वेळ आली नाही. आली असती तर त्याने लावला असता, हे मला नक्की माहीत आहे, कारण तोपर्यंत तो पण भाईंच्या मताचा झाला होता.

पुढचे सस्पेक्ट तसे सरळ गेले, बोळात आवाज बसतो हे खरंच कामाला आलं, एक जण तर दिसायच्या आधी ऐकू आला. पण सगळे पकडले म्हणजे एस मिळाला असं नाही, आणि बऱ्याच ग्रुपचा एस इथेच जातो. ऑब्जेक्टिव्ह पूर्ण झाले की मिशन संपवायचा पर्याय येतो आणि अंगातलं त्राण गेलेलं असतं, बोट आपोआप तिकडे जातं. आमच्यात ठरलेलं की भाईंनी "झालं" म्हटल्याशिवाय कोणी संपवायला हो म्हणायचं नाही. मग उलटा फेरा, शेवटच्या खोलीपासून पहिल्या खोलीपर्यंत, खाली बसवून ठेवलेल्या प्रत्येक सिव्हिलियनला झिप टाय आणि रिपोर्ट, आणि बंदुका. सस्पेक्ट किती आणि उचललेल्या बंदुका किती हे भाई कागदावर पेनाने मांडतात, रेघा मारून. एक बंदूक कमी होती. फिरणाऱ्या लाइटमध्ये काळ्या फरशीवरची काळी बंदूक दिसत नाही, टॉर्च जमिनीला जवळजवळ समांतर धरून फिरवावा लागतो म्हणजे तिची सावली पडते. बारच्या स्टुलाखाली सापडली, पट्टेवाल्याच्या आधी जो मास्कवाला होता त्याची, पडताना लांब सरकलेली. आणि एक सिव्हिलियन पण राहिलेला, म्हापशाच्या मित्राने सांगितलेल्या ठिकाणीच, संडासातल्या शेवटच्या दारामागे.

भाई "झालं" म्हणाले. एस आला. भाऊ इतका ओरडला की मावशी फोंड्यात उठून त्याच्या खोलीत आली, ते आम्हाला हेडसेटमध्ये ऐकू आलं.

आता कोणी हीच पद्धत उचलून दुसऱ्या मॅपवर नेणार असेल तर जपून. एक खोलीचं अंतर, रेघांचा कागद, होस्टचा बॅकअप, दोघांनीच बोलणं, हे सगळीकडे चालेल. धावणं सगळीकडे चालणार नाही, जिथे दारांना तारा आहेत तिथे पहिल्याच दारात रेड संपतील, तिथे परत आरसा आणि वेज. पुढे येणारा रिलॅप्स, कोस्टल ग्रोव्ह हॉस्पिटलचा मॅप, तिथे तीच संघटना आहे आणि तिथे पण वेळ तुमच्या विरुद्धच असतो, त्यामुळे ज्यांना तो अजून करायचाय त्यांनी निऑन टूम आधी पक्का करावा, सवयी तिथेच तयार होतात. २०२४ मध्ये आलेले होम इन्व्हेजन आणि डार्क वॉटर्स हे दोन डीएलसी, म्हणजे वेगळे विकत घ्यायचे जादा मिशनचे भाग, आम्ही चवथ झाल्यावर घेणार आहोत. त्यात रेड-ब्लू उलटे करायचं ठरलंय, भाईंना एकदा पुढे धावायचंय, आणि मागे रेघा मारायचं काम भाऊकडे येणार आहे. होस्ट वास्कोच राहील.